आकड्यांचा तराजू: चार स्टार, पण पासंग तुमचा तुम्हालाच लावावा लागेल

लेक तिसरीत आहे, तिच्यासाठी महिन्यापूर्वी ऑनलाइन मागवला, साडेसहाशेला पडला. प्लास्टिकचाच आहे, दोन पारडी, मधे काटा, आणि १ ते १० आकडे, म्हणजे आकड्याच्याच आकाराची वजनं, ५ चा आकडा १ च्या पाचपट जड असा हिशोब.

घेतला का ते सांगते. वहीत गणित होतं ८ + ४ = चौकट + ५, तिने चौकटीत १२ लिहिलं. विचारलं तर म्हणे "आई, बरोबर म्हणजे पुढे उत्तर लिहायचं ना". आणि खरं सांगू, तिची चूकच नाही, आपल्याकडे उत्तर पण बरोबर, माझ्याबरोबर चल पण बरोबर, आणि दोन अधिक दोन बरोबर चार तेही बरोबरच. 'सारखं' घ्या, सारखे रंग आणि सारखी रडते. पोरांनी काय समजायचं? मग एका पारड्यात ८ आणि ४ टाकले, दुसऱ्यात ५, म्हटलं आता काटा सरळ कर. एकेक आकडा टाकून बघत शेवटी ७ वर आली आणि जी ओरडली ना, पैसे तिथेच वसूल. हे बरोबरचं '=' चिन्ह वेल्सचा गणिती रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मधे छापलं, सारखं सारखं "च्या बरोबर आहे" लिहायचा कंटाळा आला म्हणून दोन समांतर रेषा काढल्या, कारण म्हणे याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. त्याच्या रेषा चांगल्या लांबलचक होत्या, आता ही पण तशाच काढते.

मग सासूबाईंनी तिला श्रीकृष्णाच्या तुलेची गोष्ट सांगितली, सत्यभामेचं सगळं सोनं घातलं तरी पारडं हलेना आणि रुक्मिणीने एक तुळशीचं पान ठेवलं तर झाली तुला. लगेच कुंडीतलं पान आणून १ च्या समोर ठेवलं. काटा ढिम्म. एवढंसं तोंड झालं तिचं, "मग गोष्ट खोटी?" सासूबाई म्हणाल्या, तिथे भक्ती तोलत होते गं, पान नाही. मला हे फार पटलं. शिबी राजाचंही तेच की, मांस कितीही कापून घातलं तरी कबुतराइतकं होईना, शेवटी स्वतः पारड्यात बसला. गोष्टीत काय तोलायचं ते गोष्टच ठरवते.

सगळ्यात भारी प्रयोग नाण्यांचा. रुपयाचं २०११ चं नाणं ३.७९ ग्रॅमचं आणि २०१९ नंतरचं ३.०९ चं. एकाला एक ठेवलं तर हा काटा फरक दाखवतच नाही, आपण म्हणतो ना एकोणीस-वीस, तसं. पण दहा-दहा टाका, जुन्यांचं पारडं धाडकन खाली. म्हणजे एकोणीस-वीस सारखे, वीस-एकवीस सारखे असं करत गेलात तर एकोणीस आणि चाळीसही सारखे होतील, बोलताना चालतं पण गणितात पहिलं दुसऱ्याइतकं आणि दुसरं तिसऱ्याइतकं तर पहिलं तिसऱ्याइतकं असायलाच लागतं. आणि तरी दुकानात दोन्ही नाणी एक रुपयाच! कशात सारखं ते आधी सांगायचं, १/२ आणि २/४ लिहायला वेगळे पण सममूल्य, एवढं तिला नाण्यांवरून पटकन कळलं.

आता तक्रार. रिकामी पारडीच सरळ राहत नाहीत, डावं खाली जातं. कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर नाही. तराजूच्या खेळण्यात हीच चूक असेल तर कसं चालेल? शेवटी उजव्या पारड्याखाली वाटाण्याएवढा क्लेचा गोळा चिकटवला. 'पासंगालाही पुरणार नाही' मधला पासंग तो हा, लेकीला पहिल्यांदा बघायला मिळाला.

दुसरी ते चौथीच्या मुलांना नक्की घ्या. घरात रांगतं बाळ असेल तर नको, १ चे आकडे अगदी बारीक आहेत, तोंडात जातील. एक स्टार त्या डाव्या पारड्याचा कापला.