जुनी गाणी: गाजलेली शंभर की विसरलेलीही?

"मामा, जुन्या गाण्यांच्या तासाला गाजलेली शंभरच फिरवू, की विसरलेलीही काढू?" इंदूरच्या रेडिओत लागलेल्या भाच्याचा प्रश्न.

मेहनतीत शंभरांची यादी सोपी, एका दुपारी होते. दुसरीला संगीतकार, साल तपासा, स्वच्छ ध्वनिमुद्रण शोधा. पण टिकाऊपणा? तासाला १२ गाणी धरली तर शंभर गाणी नवव्या दिवशी संपतात, आणि रोजचा श्रोता दुसऱ्याच आठवड्यात ओळखतो. लताबाई १९२९ साली याच शहरात जन्मल्या; त्यांचीही तीच दहा गाणी इथे वाजत राहावीत, हे मनाला खरंच लागतं.

दुकानात, गाडीत कानावर पडण्यापुरतं हवं असेल तर दिवसा गाजलेलीच लाव. रात्री मन लावून ऐकणाऱ्यांना दुसरी यादी दे. फक्त दोन अनोळखी गाण्यांनंतर एक ओळखीचं ठेव.