धुक्याच्या फोटोंवर भुलून लेन्स घेऊ नका

ज्या जाहिरातीवर भुलून जुनी लेन्स घेऊन मी फसलो, तीच गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली, फोटोही तेच. म्हणून लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी जुनी लेन्स घेणार असेल तर आधी हे वाचा.

मला सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ हवी होती. १९६०च्या दशकातली ही जपानी लेन्स, एम४२ स्क्रू माउंटची, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची. साधा अडॅप्टर (मधली जोडकडी) लावला की आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. एपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडलं की एखादंच पान धारदार राहतं आणि मागचं सगळं रान विरघळून जातं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी जंगलात असे फोटो काढायचं माझं किती दिवसांचं मनात होतं.

जाहिरातीतले सगळे फोटो धुक्यातले होते. ओली पानं, करड्या फांद्या, मागे नुसता पांढरा पडदा. सौदा साडेनऊ हजारांना ठरला. विकणाऱ्यानं दिवेलागणीला बेळगाव बसस्थानकाबाहेर बोलावलं. काच पिवळट वाटली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जुनी आहे की ओ दादा, ह्या लेन्स पिवळ्या पडतातच." हे खरंच आहे. यातल्या बऱ्याच लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असतं, त्यानं काच पिवळी पडते. बरेच दिवस उन्हात ठेवली तर ती पुष्कळशी निवळतेही. एक गोष्ट खरी सांगितली म्हणून बाकीच्यावरही माझा विश्वास बसला. तिथंच फोनवरून पैसे पाठवले.

पहिल्याच रविवारी कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाकडे गेलो. धुकं दाट होतं आणि फोटो मनासारखे आले. सगळा पावसाळा असाच गेला. फोटोतला तो दुधाळपणा मी जुन्या लेन्सचा गुण समजत होतो.

ऑक्टोबरात राजहंसगडावर मावळत्या उन्हासमोर गवताचे तुरे टिपले आणि सगळी फ्रेम पांढुरकी आली. एपर्चर एफ ८ पर्यंत बारीक करूनही काळा रंग काळा येईना. घरी लेन्समधून टॉर्च मारला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. धुक्यात काँट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, मुळातच कमी असतो, त्यामुळे काचेचा दोष त्यात झाकला जातो. जाहिरातीत उन्हातला एकही फोटो का नव्हता, ते तेव्हा उमगलं.

फोन केला तर आधी "पावसात तुम्हीच भिजवली असेल" असं ऐकवलं, मग नंबर ब्लॉक. पावती नव्हती, वर तीन महिने उलटलेले.

तेव्हा लेन्स दिवसाउजेडीच बघा. दोन्ही टोपणं काढा, एपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारून समोरून तिरकं बघा. लेन्सवरचं ए-एम (ऑटो-मॅन्युअल) बटण एमवर ठेवून एपर्चरची रिंग फिरवा. आतली पाती चटकन मिटली नाहीत किंवा तेलकट दिसली तर सोडून द्या. स्वतःचा कॅमेरा आणि अडॅप्टर घेऊन जा आणि उजेडासमोर एक फोटो काढाच. विकणारा घाई करायला लागला तर पैसे खिशातच राहू द्या.

कोल्हापूरच्या एका कारागिरानं लेन्स खोलून साफ केली, बाराशे रुपये घेतले. बुरशी निघाली, पण तिनं काचेवरचं कोटिंग (चकाकी रोखणारा पातळ थर) खाल्लंय, ते परत येत नाही. सूर्याकडे रोखली की ती अजूनही दुधाळच दिसते.