मळीच्या पाण्यातून हायड्रोजन: दोन लिटरचा संच घेण्याआधी

दोन लिटरची काचेची बाटली, रबरी बूच, सिलिकॉनची नळी, पांढऱ्या एलईडीची पट्टी, उपडा मेजरिंग सिलिंडर आणि उजेडात हायड्रोजन बनवणाऱ्या ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडीस या जिवाणूचे जिवंत वाण, एवढे या संचात मिळते. चिकोडी, अथणी, निपाणीकडच्या कॉलेजांनी तो जरूर घ्यावा. गाळप हंगामात डिस्टिलरीचा स्पेंट वॉश, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारे काळे सांडपाणी, इथे हाकेच्या अंतरावर असतो. काच आणि वाण चांगले आहे. दिवा आणि माहितीपत्रकाने मात्र घात केला आहे.

हे जांभळे जिवाणू मुख्यतः 800 ते 880 नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्याला न दिसणारा प्रकाश वापरतात. पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतोच. त्यापेक्षा जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा तारेचा बल्ब वीतभर लांब लावा. तो तापतो, म्हणून बाटली पाण्याच्या टबात ठेवून तापमान 30 ते 34 अंश राखा. अथणीच्या एप्रिलमध्ये टबातले पाणी दुपारी बदलावेच लागते.

पत्रकात स्पेंट वॉश निम्म्याला निम्मे पाणी घालून वापरायला सांगितले आहे. हे साफ चुकीचे. त्यातल्या मेलॅनॉइडिन या गडद रंगद्रव्यामुळे पाणी कोऱ्या चहाहून काळे राहते आणि उजेड काचेलगतच अडतो. सीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरात आणि पीएच 4 च्या आसपास असतो. फडक्यातून गाळलेला 100 मिली वॉश 1,700 मिली पाण्यात मिसळा, सोडियम हायड्रॉक्साईडने पीएच 7 वर आणा, प्रेशर कुकरमध्ये 20 मिनिटे उकळा, पूर्ण गार झाल्यावर 200 मिली वाढलेले वाण घाला. उकळणे टाळले तर सल्फेटचे हायड्रोजन सल्फाईड करणारे दुसरे जिवाणू माजतात आणि बूच काढताच सडक्या अंड्याचा वास येतो.

पत्रकातली दुसरी चूक अमोनियम क्लोराईड घालायला सांगण्याची. हायड्रोजन बनवणारे नायट्रोजिनेज हे एन्झाइम अमोनिया दिसताच बंद पडते; रंग झकास लाल चढतो, पण गॅसचा बुडबुडा येत नाही. युरियाही नको. बाटलीतली हवा काढायला नायट्रोजनचा सिलिंडर जोडू नका, कारण तेच एन्झाइम मग नायट्रोजन पचवण्यात गुंतते. आर्गॉन नसेल तर बाटली गळ्यापर्यंत भरा.

सिलिकॉनच्या नळीतून हायड्रोजन झिरपतो. जाड पीव्हीसी नळी घ्या, जोडावर साबणाचे पाणी लावून बघा. गॅसमध्ये कार्बन डायऑक्साईडही येतो, म्हणून मोजण्याआधी सगळा गॅस 10 टक्के सोडियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणातून न्या. नाहीतर आकडा फुगतो.

हायड्रोजन तपासायला परीक्षानळीभर गॅस बाजूला नेऊन काडी लावा, ‘टप्’ असा आवाज येतो. बाटलीच्या नळीशी काडी नेऊ नका: हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो आणि भर दिवसा त्याची ज्योत दिसत नाही.