पॉडकास्ट, माहितीपट की ई-अंक : विद्यार्थ्यांच्या गटाने आधी काय हाती घ्यावे?

डिजिटल साधने वर्गातल्या सरावापेक्षा एखादा माध्यमप्रकल्प तडीस नेताना अधिक पक्की होतात, हे ज्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना पटले आहे, त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न माध्यमाच्या निवडीचा असतो. एक सत्र, पंधरा-वीस मुले, साधारण कुवतीची संगणक प्रयोगशाळा आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन एवढेच भांडवल धरून नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयीन गटासाठी तीन पर्यायांची ही तुलना केली आहे. माझा मुख्य निकष एकच आहे: किती मुलांच्या हाताला प्रत्यक्ष काम मिळते? प्रकल्प देखणा झाला, पण संपादन एकाच मुलाने केले आणि बाकीचे त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले, तर शिकला तो एकटाच.

ओढ बहुधा माहितीपटाचीच असते आणि नाशिकमध्ये ती अधिकच स्वाभाविक आहे, कारण दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 मध्ये जवळच्या त्र्यंबकेश्वरात झाला. मात्र फाळके चित्रपटाकडे वळले ते छायाचित्रण आणि छपाई या दोन्ही कामांत हात बसल्यानंतर, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. चित्रीकरणातून शिकायला पुष्कळ मिळते, पण सगळे एकदम अंगावर येते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला 30 फ्रेमने चित्रण केले की उजेड थरथरताना दिसतो आणि शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणावा लागतो. फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करत असल्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटू शकतो. फुल एचडी चित्रणाला मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास जागा लागते. दा विंची रिझॉल्व्ह या चित्रफीत-संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती उत्तम असली, तरी ती चांगले ग्राफिक्स कार्ड मागते. त्याच कामाची केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही सॉफ्टवेअर तुलनेने हलक्या संगणकावर चालतात. शिवाय गोदावरीच्या पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढल्याचे चित्रण हुकले, तर ते मागाहून मिळवता येत नाही. सर्वांत मोठी अडचण मात्र संपादनाची आहे. गटात दमदार संगणक एकच असेल, तर त्यापुढे बसणारा विद्यार्थीही एकच राहतो.

पॉडकास्टचे तसे होत नाही. समजा, भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या व्यवसायावर वीस मिनिटांचा भाग करायचा आहे. मुलाखतीचे तुकडे पाडून प्रत्येक जोडीला तीन-चार मिनिटांचा मजकूर दिला, तर प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवरही सर्व जोड्या एकाच वेळी ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरवर काम करू शकतात. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि 2021 मधील 3.0 आवृत्तीपासून त्याचा संपूर्ण प्रकल्प एकाच फाइलमध्ये साठवला जातो. त्यामुळे पेनड्राइव्हवरून तो दुसऱ्या संगणकावर नेला, तर आवाजाच्या फाइल मागे राहून गेल्याची तक्रार उद्भवत नाही. एका चॅनेलच्या डब्ल्यूएव्ही, म्हणजे न आकुंचवलेल्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे 5 एमबी आणि बोलण्यापुरत्या चांगल्या एमपी3, म्हणजे आकुंचित प्रतीला सुमारे 1 एमबी लागतो. मूळ फाइल कोणती, काटछाट कशावर करायची आणि बाहेर पाठवायची प्रत कोणती, हा फरक मुले येथे स्वतःच्या हाताने शिकतात.

यातला एक धडा मला फार मोलाचा वाटतो. ऑडॅसिटीतील गोंगाट कमी करण्याची सोय आधी नुसत्या पार्श्वभूमीच्या आवाजाचा एक तुकडा नमुना म्हणून घेते आणि मग त्याच्याशी जुळणारा आवाज सर्वत्र दाबते. पंख्याची घरघर एकसारखी असल्याने ती बरीचशी निघते; हातोडीचे ठोके आणि रिक्षाचे हॉर्न मात्र निघत नाहीत, आणि जोर लावला तर कारागिराचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हे एकदा कानांनी ऐकले की माइक तोंडाजवळ धरण्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ई-अंकाला कमी लेखू नये. पानांची वाटणी सहज होते, वीज गेली तरी लेखन थांबत नाही आणि 27 फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिन, ही प्रकाशनाची तारीख आपोआप ठरते. त्यातून मिळणारे सर्वांत महत्त्वाचे शिक्षण मराठी टंकलेखनाचे आहे. पुष्कळ विद्यार्थी फोनवर मराठी भराभर लिहितात, पण संगणकावर अडखळतात. कोणी जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरप्रणाली) नसलेल्या फाँटमध्ये लेख आणून दिला, तर तो दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा होतो आणि त्यात शोधही घेता येत नाही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाणित कळफलक शिकून युनिकोडमध्येच लिहिण्याचा नियम पहिल्या बैठकीत केला पाहिजे. छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने मागवली, तर ती आकुंचित होऊन येतात, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावीत. छापायच्या ए4 पानभर चित्रासाठी सुमारे 2480 बाय 3508 पिक्सेल हवेत. मांडणीसाठी कॅनव्हा सोपे आहे, परंतु तयार साच्यांमुळे सगळे अंक एकसारखे दिसू लागतात. स्क्रायबस शिकायला वेळ घेते, पण रकाने, समास आणि शैली यांचा खरा विचार करायला लावते.

एका सत्रापुरताच वेळ असेल, तर मी निःशंकपणे पॉडकास्टची शिफारस करीन. वर्षभर हाताशी असेल, तर पहिल्या सत्रात पॉडकास्ट आणि दुसऱ्या सत्रात त्याच मुलाखतींवर आधारित ई-अंक करावा. एकच सामग्री कानासाठी आणि डोळ्यांसाठी वेगवेगळी कशी घडवावी लागते, हे त्यातून कळते. मराठी टंकलेखनच कच्चे असलेल्या गटाने हा क्रम उलटा करण्यास हरकत नाही. आणि गट माहितीपटावरच ठाम असेल, तर वीस जणांचा एक मोठा माहितीपट न करता तिघा-चौघांच्या गटांनी दोन-दोन मिनिटांचे स्वतंत्र माहितीपट करावेत आणि प्रत्येकाने निदान एक प्रसंग स्वतः जोडावा, अशी अट आरंभीच घालावी.