यीस्ट ओळखण्यासाठी क्रोमोजेनिक अगर आणि जर्म ट्यूब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लघवी, योनिस्राव आणि पॉझिटिव्ह ब्लड कल्चरमधल्या यीस्टसाठी, म्हणजे मुख्यतः कॅन्डिडा या एकपेशीय बुरशीसाठी, क्रोमोजेनिक अगर (कॅन्डिडाच्या जातींच्या कॉलन्यांना वेगवेगळे रंग देणारं वाढमाध्यम) लॅबमध्ये आठ महिने रोज वापरात आहे. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मिश्र वाढ पकडायला. साबुरो अगर या साध्या माध्यमावर सगळ्याच कॉलन्या मलईरंगी, त्यामुळे कॅन्डिडाच्या अल्बिकन्स जातीच्या गर्दीत ग्लाब्राटा ही जात सहज निसटते. इथे हिरव्या कॉलन्यांमधली एखादी जांभळट कॉलनी लगेच नजरेत भरते. अर्थात स्ट्रीक (लूपने नमुना प्लेटवर पसरवणं) नीट करून कॉलन्या सुट्या मिळाल्या तरच.

हिरवी अल्बिकन्स, पोलादी निळी आणि भोवती जांभळट छटा असलेली ट्रॉपिकॅलिस, गुलाबी, सपाट, खरखरीत क्रुसाय: या तिघींवर भरवसा ठेवता येतो. क्रुसाय लवकर कळणं फार मोलाचं, कारण फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला ती मुळातच दाद देत नाही. मात्र ३५ ते ३७ अंशांवर पूर्ण ४८ तास द्यायलाच हवेत. २४ तासांना ग्लाब्राटा बारीक आणि फिकी असते, तेव्हा केलेलं वाचन हमखास चुकतं.

खरी अडचण गुळगुळीत गुलाबी-जांभळट कॉलनीची. ती ग्लाब्राटा असू शकते, पॅराप्सिलोसिस असू शकते आणि अनेक औषधांना सहसा दाद न देणारी ऑरिससुद्धा. नुसत्या रंगावर ‘ग्लाब्राटा’ असा रिपोर्ट देणं धोक्याचं आहे. ४२ अंशांवर वाढ झाली तर ऑरिसचा संशय बळावतो, पण त्या तापमानाला इतर काही कॅन्डिडाही वाढतात, म्हणून खात्री माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जात ओळखणारं यंत्र) किंवा सिक्वेन्सिंगनेच (डीएनए वाचून) करावी. जुन्या डेटाबेसच्या स्वयंचलित यंत्राने ‘हीम्युलोनी’ (ऑरिसची जवळची जात) असं उत्तर दिलं, तरी ऑरिस डोक्यात ठेवावीच.

हिरव्या कॉलनीला जोड जर्म ट्यूबची, म्हणजे सीरममध्ये यीस्टच्या पेशीतून नळी फुटते का हे पाहणाऱ्या चाचणीची. अर्धा मिलि सीरम, ताज्या कॉलनीला लूप जेमतेम टेकवून घेतलेलं इनॉक्युलम (चाचणीसाठी टाकायचं यीस्ट), ३७ अंश, दोन ते तीन तास. मग एक थेंब स्लाइडवर, कव्हरस्लिप, ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली. नळी पेशीतून सरळ निघालेली हवी, बुडाशी आवळलेली नको. आवळलेली दिसली तर ते स्यूडोहायफा (लांबट पेशींची साखळी, खरी नळी नव्हे). बहुतेक चुका दोनच. एक, सीरम दुधाळ होईल इतकं इनॉक्युलम: गर्दीत नळ्या फुटतच नाहीत आणि अल्बिकन्स निगेटिव्ह ठरते. दुसरी, तीन तासांपेक्षा जास्त ठेवणं: मग ट्रॉपिकॅलिसचे स्यूडोहायफी नळ्यांसारखे भासतात. म्हणून प्रत्येक बॅचला अल्बिकन्स पॉझिटिव्ह आणि ट्रॉपिकॅलिस निगेटिव्ह कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावावाच. अल्बिकन्सशी साधर्म्य असलेली डब्लिनिएन्सिस ही जातही पॉझिटिव्ह येते. कॉलनी जास्तच गडद हिरवी वाटली तर ४५ अंशांवर वाढवून पाहावी, डब्लिनिएन्सिस तिथे वाढत नाही.

मीडियमची पावडर फक्त उकळायची, ऑटोक्लेव्ह करायची नाही. ओतलेल्या प्लेट्स फ्रिजमध्ये अंधारातच ठेवाव्यात. उजेडात राहिल्या की रंगद्रव्य बिघडतं आणि ४८ तासांनंतरही हिरवा रंग फिकाच येतो.