१०० एमबीपीएसचं फायबर आणि जुन्या पेठेतलं घर: गड्ड्याच्या जत्रेपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. कंपनी बदलली नाही, प्लॅन वाढवला नाही, आणि तरी आज नेट नीट चालतंय. लोकल केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएसचा प्लॅन. नाव देत नाही, कारण पुढचं सगळं बहुतेक कुठल्याही ऑपरेटरला लागू पडेल. तारे द्यायचेच तर लाइनला साडेतीन, तक्रार ऐकून घेणाऱ्यांना दोन आणि खांबावर चढणाऱ्या लाइनमन पोराला पूर्ण पाच.

आम्ही सोलापुरात, साखर पेठेत राहतो. घर जुनं, दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींचं, वर पत्र्याची खोली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल-चादरवाल्यांचं जीएसटीचं काम मी घरून करते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही दर महिन्याची विवरणपत्रं. शिवाय कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर रिमोटने शिरून टॅलीत नोंदी करायच्या. या रिमोटच्या कामाला स्पीड फारसा लागत नाही, पण बटण दाबल्यावर अक्षर लगेच उमटावं लागतं. आमच्याकडे व्हाउचर टाकताना आकडा दोन-दोन सेकंदांनी दिसायचा. शेजारच्या खोलीत माझ्या पोराचा यूट्यूब मात्र मजेत चालू. म्हणजे नेट ‘स्लो’ होतं, पण नक्की कुठे?

बहुतेक लोक इथेच कस्टमर केअरला फोन लावतात आणि पलीकडून उत्तर येतं, ‘राउटर रिस्टार्ट करा.’ त्याने कधीकधी तासभर बरं वाटतंही. पण वायफाय, ओएनटीच्या डब्यापासून (घरात फायबर ज्याला जोडतात आणि जो वायफाय देतो तो डबा) खांबापर्यंतची फायबर आणि तिथून पुढे ऑपरेटरची वरची लाइन हे तीन तुकडे वेगवेगळे तपासल्याशिवाय काही हाती लागत नाही. पहिला तुकडा आपला, दुसरा निम्मा आपला, तिसरा पूर्णपणे त्यांचा.

म्हणून पहिलं काम म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडायचा, घरातले बाकीचे फोन-टीव्ही बंद करायचे आणि मग स्पीड मोजायचा. सकाळी आमच्याकडे ९४ आला. प्लॅन १०० चा असताना ९४-९५ म्हणजे पूर्णच समजा. डब्याचं पोर्ट १०० चं असलं की ओव्हरहेड जाऊन एवढंच उरतं. आणखी एक गोष्ट मी पोराला अजून समजावतेय. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल नव्हे. आठने भागा. डाउनलोडच्या खिडकीत ११-१२ एमबी दिसले की गाडी पूर्ण वेगात आहे.

तोच लॅपटॉप मागच्या खोलीत, माझ्या टेबलावर वायफायने जोडला तर ७-८. एका भिंतीत सगळं गिळलं जात होतं. त्यातून डबा लावणाऱ्याने तो लोखंडी कपाटावर ठेवलेला, कारण प्लग तिथे होता. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत पाहुणे आले, त्यांचे फोन त्याच वायफायवर चढले, तेव्हा तर रिमोट उघडेचना.

फोनवर वायफाय अॅनालायझरचं फुकट अॅप घालून पाहिलं तर २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची नुसती रांग. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. बरेच डबे ‘ऑटो’वर असतात आणि त्यांची निवड काही फार शहाणपणाची नसते. मी १ वर पक्का केला, चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. दाट वस्तीत ४० ठेवणं म्हणजे दोघांची जागा एकट्याने अडवणं. फरक पडला, पण थोडा. ५ गिगाहर्ट्झ जोरात चालतो, पण दगडी भिंतीपुढे तो हात टेकतो. दार उघडं ठेवलं तर ६० यायचा, लावलं की कनेक्शनच जायचं.

रेंज वाढवणारं एक्स्टेंडर घ्या असं सगळे सांगत होते. मी घेतलं नाही. साधं एक्स्टेंडर आधीच अशक्त झालेला सिग्नल पकडून तोच पुढे देतं, आणि एकाच रेडिओवर घेणं-देणं करणारं असेल तर स्पीड जवळपास निम्मा होतो. त्याऐवजी कॅट ६ ची केबल जुन्या वायरिंगच्या भोकातून मागे नेली आणि कपाटात पडलेला जुना राउटर तिथे लावला. अशा राउटरचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा आयपी पत्ता मुख्य डब्यापेक्षा वेगळा द्या (आमचा डबा १९२.१६८.१.१, म्हणून याला १९२.१६८.१.२) आणि केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट घ्यायचं भोक) न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. बस. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवलं. खर्च फक्त केबलचा आणि दोन क्लिपांचा. केबल क्रिम्प करताना आठही तारा लावून घ्या. चारच तारांवर १०० एमबीपीएस चालतो, त्यामुळे आज काही कळत नाही. उद्या गिगाबिटला अडतं.

इतकं करूनही रात्री आठ ते अकरा माझं काम खोळंबायचंच. तेही लॅन केबलवर. म्हणजे वायफाय निर्दोष सुटलं.

आता कमांड प्रॉम्प्ट उघडून तीन पिंग चालू ठेवले. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. एक आपल्या डब्याला, एक ऑपरेटरच्या गेटवेला (घराबाहेरचं त्यांचं पहिलं नाकं), एक बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. गेटवेचा पत्ता ट्रेसर्ट (वाटेतले टप्पे ओळीने दाखवणारी कमांड) केल्यावर बहुधा दुसऱ्या ओळीत दिसतो. डब्यापर्यंत दिवसभर १ मिलिसेकंद. गेटवेपर्यंत सकाळी ४-५, आणि रात्री नऊला दीडशे-दोनशे, मध्येमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. बाहेरचा आकडाही त्याच प्रमाणात चढलेला. तो चढलेला असणं महत्त्वाचं. मधला एखादा राउटर पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतो, म्हणून एकट्या मधल्या ओळीवरून आरोप करू नये. त्या ओळीपासून पुढच्या सगळ्याच ओळी वाढल्या असतील तर मात्र अडचण तिथेच.

हे का होतं, तर जीपॉन फायबरवर (एकच फायबर फोडून अनेक घरांना द्यायची पद्धत) एका पोर्टचे खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेले असतात. तिथे सहसा कोंडी होत नाही, कारण सगळे एकदम पूर्ण स्पीड घेत नाहीत. कोंडी होते ती ऑपरेटरने पुढे मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या लाइनवर. ती त्याने काटकसरीने घेतलेली असते. पाणी सुटल्यावर अख्ख्या गल्लीने एकदम मोटारी लावल्या की शेवटच्या घराच्या नळाचं जे होतं, तेच रात्री नऊला आमच्या नेटचं होत होतं. सोलापूरकरांना यापुढे समजवायला नको.

ऑपरेटरचा माणूस मात्र स्पीड टेस्ट दाखवून म्हणायचा, ‘मॅडम, नव्वद येतंय की.’ येणारच. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा त्यांच्याच जाळ्यात असतो. वरची लाइन त्यात येतच नाही. ‘चेंज सर्व्हर’ दाबून मुंबईचा किंवा हैदराबादचा, दुसऱ्याच कंपनीचा सर्व्हर घेतला तर त्याच मिनिटाला १४. दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी, वेळ दिसेल असे, खाली ‘लॅन केबलवर, वायफाय बंद’ एवढं लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवत गेले. चिडून लिहिलेल्या लांब मेसेजपेक्षा याला उत्तर लवकर येतं. काही आठवड्यांनी त्यांनी ‘वरची लाइन वाढवली’ असं कळवलं. खरंच वाढवली की आमचा पोर्ट बदलला, देव जाणे. रात्रीचा गेटवे पिंग २० च्या आत आला, एवढं खरं.

ते ऐकलंच नसतं तर तक्रार क्रमांक लेखी घेऊन कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तेव्हा तिथे पत्र पाठवून वाट बघू नका. आणि ‘ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या’ पुढे करून भांडण्यातही अर्थ नाही. २०२३ मध्ये ती वाढवली तरी किमान २ एमबीपीएसच आहे.

मग उन्हाळा आला. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला आणि वेगळंच दुखणं सुरू झालं. नेट जायचं नाही, पण दुपारी पानं अर्धवट उघडायची, रिमोट तुटायचा. पिंगमध्ये वेळ ठीक, मात्र डेटाची शंभरातली पाच-सात पाकिटं गायब. डब्यावर सिग्नल गेल्याचा लाल ‘लॉस’चा दिवा नाही, सगळं हिरवं.

हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. डब्याच्या पानावर, स्टेटसमध्ये, ‘आरएक्स पॉवर’ असं एक कलम असतं, म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर. आमच्याकडे उणे २७ डीबीएम. लाइनमन लोक याला नुसतं ‘पॉवर’ म्हणतात. उणे १५ ते २५ च्या दरम्यान असलं की बरं, आणि उणे २७ च्या आसपास बऱ्याच डब्यांची सहनशक्ती संपते. हा आकडा फसवा आहे. तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा. उणे २१ वरून २७ म्हणजे चौथा हिस्सा उरला. दिवा हिरवाच राहतो, पण डेटात चुका होतात, तो पुन्हा मागवावा लागतो, आणि आपल्याला ते ‘स्लो’ म्हणून जाणवतं.

‘पॉवर मायनस २७ येतोय’ एवढं वाक्य फोनवर म्हटल्यावर लाइनमन पोरगा त्याच संध्याकाळी आला. मीटर लावून म्हणाला, ‘ताई, खांबावर एकोणीस हाय, तुमच्याकडे यायपर्यंत आठ खाल्लं कुठं की.’ सापडलं ते दोन ठिकाणी. पत्र्याच्या कडेला केबल ग्रिलला बांधताना काटकोनात मुडपलेली, आणि घरातला फास्ट कनेक्टर धुळीने भरलेला. साध्या फायबरला वळवताना किमान ३० मिलिमीटर त्रिज्या ठेवावी लागते. वाकवायला सोयीची म्हणून मिळणारी फायबर साडेसातपर्यंत सोसते, पण ग्रिलच्या काटकोनात तीही मार खाते. त्याने वळसा मोकळा केला, कनेक्टर कापून नवा बसवला, पुसला. पॉवर उणे २०. जाताना सांगून गेला की हिरव्या टोकाच्या कनेक्टरला निळं टोक कधी जोडू नका. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, दोघांचं जमत नाही. माझ्याकडून एक भर: कनेक्टर काढून आत डोळा लावून बघू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण असतो.

डबा मात्र अजूनही दुपारी दोन-तीनला आपोआप रिस्टार्ट व्हायचा. लाइनमनने फायबर ओढताना तो वर, पत्र्याखालच्या माळ्यावर नेला होता. हात लावला तर चटका. खाली, सासऱ्यांच्या खोलीत आणला आणि अडॅप्टर बदलला. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, आमच्या डब्याला १२. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. सासरे म्हणाले, ‘बरं झालं, त्यालाही पंखा मिळाला.’

पावसाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. लाइट गेली की डबा बंद पडायचा, म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला. कारखान्यात जनरेटर, घरी हा. २० तारखेला लाइट गेली तरी रिमोट तुटत नाही. अर्थात २० तारखेला संध्याकाळी जीएसटीचं पोर्टलच हळू चालतं, त्याचं खापर मी ब्रॉडबँडवर फोडत नाही. दुसऱ्या साइट उघडून बघायच्या, त्या पळत असतील तर डबा बंद-चालू करण्यात अर्थ नाही.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलून १.१.१.१ करा, नेट दुप्पट होईल, असे व्हिडिओ खूप फिरतात. केलं. साइट पहिल्यांदा उघडताना किंचित चटपटीतपणा येतो, डाउनलोडचा स्पीड तसूभरही वाढत नाही. त्यापेक्षा पोराच्या फोनचा फोटो बॅकअप रात्री दोननंतर लावणं आणि दारावरच्या कॅमेऱ्याची क्लाउड रेकॉर्डिंगची क्वालिटी उतरवणं जास्त उपयोगी ठरलं. अपलोड तुंबलं की डाउनलोडही अडखळतं, कारण पोचल्याची पावती त्याच वाटेने परत जायची असते.

आता ऑपरेटर २०० चा प्लॅन घ्या म्हणून मागे लागलाय, माझा पोरगाही त्याच्या बाजूने. मी डब्याची मागची बाजू बघितली. दोन लॅन पोर्ट, त्यातला एकच गिगाबिटचा, दुसरा १०० चा. माझ्या खोलीतला जुना राउटरही १०० चाच, आणि सासऱ्यांच्या टीव्हीचं लॅन पोर्ट तसंच. २०० घेतले तरी घरात ते उतरणार कुठे? टीव्हीवर ४के चालवायला २५ पुरतात. पोराला सांगितलंय, डबा बदलून देत असतील आणि रात्री नऊचा हैदराबादचा आकडा आत्ताच्या दुप्पट दाखवत असतील, तर बोलू.