‘शेतात सापडलेली’ हडप्पाकालीन मुद्रा विकणाऱ्यांपासून सावध राहा

सिंधू संस्कृतीची आवड असणाऱ्यांना हेरून बनावट वस्तू गळ्यात मारल्या जात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. परिचिताच्या ओळखीने आलेल्या एका विक्रेत्याने कच्छमध्ये शेत नांगरताना सापडलेली म्हणून मला एक चौकोनी मुद्रा दाखवली, सोबत ‘नोंदणी प्रमाणपत्र’ दिले आणि १८,००० रुपये घेतले. मुद्रेवर एकशिंगी प्राणी, त्याच्यापुढे गव्हाणीसारखी वस्तू आणि वर पाच चिन्हे होती.

पुरातत्त्वाच्या एका अध्यापकांनी ती पाहताच विचारले, की हा प्राणी उठावात कसा? हडप्पाकालीन कारागीर संगजिऱ्याच्या मऊ दगडात चित्र आणि लिपी उलटी व खोलगट कोरत, मग मुद्रा भाजून कठीण करत. मालाच्या गाठोड्यावरील ओल्या मातीवर ती दाबली, की सुलट आणि उठावदार ठसा उमटे. गुजरातमधील लोथल या हडप्पाकालीन स्थळाच्या वखारीत आगीत भाजून टिकलेले असे मातीचे ठसे सापडले असून त्यांच्या मागील बाजूस कापडाची वीण आणि दोरीचे वळ उमटलेले आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांचे रोजचे काम यापेक्षा जवळून कुठे दिसत असेल, असे मला वाटत नाही. माझ्याकडील वस्तूचा ठसा मात्र खोलगट येत होता, बहुतेक चौकोनी मुद्रांच्या पाठीवर असतो तसा भोक पाडलेला उंचवटा तिला नव्हता आणि ओल्या कापसाने पुसताच तपकिरी रंग सुटला. प्रमाणपत्रही खोटे निघाले. विक्रेत्याचा फोन बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे.

खरे तर त्याची कहाणीच संशयास्पद होती. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. महाराष्ट्रातील दायमाबाद या प्राचीन स्थळी १९७४ मध्ये सापडलेले धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस संग्रहालयांत पोहोचले, म्हणूनच आपल्याला पाहता येतात. वस्तू अस्सल असती, तरी ती अशी चोरून विकणाऱ्याने तिच्या जागेची आणि थराची माहिती कायमची पुसून टाकली असती.

कोणी अशी मुद्रा दाखवल्यास पैसे देण्याआधी विक्रेत्याचा परवाना आणि प्रमाणपत्राचा क्रमांक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात पडताळून घ्यावा, आणि वस्तू खरोखर शेतातली असल्याचा दावा असेल तर थेट जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे.